‘सम्हा’ची शेवटची गाठ

१

दुपारचं जेवण उरकलं की सरहान बिन मसऊदच्या घरात दीड तास कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा नियम होता. नियम अर्थातच त्याच्या बायकोचा, जुवैनाचा. मुलं मस्कतला, घरात माणसं दोनच, त्यामुळे नियम मोडणारा दरवेळी सरहानच निघायचा. त्याची हयात ओमानमधल्या सूर बंदराच्या गोदीत मोठाली गलबतं बांधण्यात गेली होती. आता सत्तरीत तो त्यांची छोटी रूपं बांधायचा आणि बांधता बांधता स्वतःशीच बडबडायचा.

"अबू सालिम, हळू बोला जरा," आतून जुवैनाचा आवाज यायचा; नवऱ्याला ती थोरल्या मुलाच्या नावाने, ‘सालिमचा बाप’ म्हणून, हाक मारायची. "लाकूड बहिरं नाही आणि मीही नाही."

घर लांबट होतं. गल्लीच्या दाराशी पाहुण्यांची बैठक, मजलिस, मग अंगण, अंगणाच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, आणि पार दुसऱ्या टोकाला सरहानची कामाची खोली. तिथे एकच खिडकी, तीही एसीपायी कायमची बंद. एक लांब टेबल. त्या टेबलावर या उन्हाळ्यात दोन हात लांबीचं एक गलबत आकाराला आलं होतं. त्याचं नाव ‘सम्हा’.

खरी ‘सम्हा’ सरहानच्या बापाने, मसऊदने, बांधली होती. सरहान तेव्हा पाच वर्षांचा. पाण्यात उतरली त्याच मोसमात ती आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेली आणि परत आली नाही. चौतीस खलाशी आणि त्यांचा नाखवा सुवैलिम, अशी पस्तीस माणसं गेली. परतीच्या वाटेवर वादळ झालं होतं, पण त्यातून सूरची दुसरी सात गलबतं सुखरूप आली होती, त्यामुळे गावात कुजबुज सुरू झाली. गलबताच्या तळाशी, कण्याला लागून असलेली फळी उघडली असणार. मसऊदची फळी. मसऊदला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. तो कुणाच्या मजलिसमध्ये शिरला की बोलणं थांबायचं, एवढंच. वर्षभरात त्याने लोकांकडे जाणं सोडलं, मग गलबतं बांधणं सोडलं, आणि मरेपर्यंतची पुढची पंचवीस वर्षं दोऱ्या वळत घरात बसून काढली.

सरहानला उभ्या आयुष्यात एकच गोष्ट कळून हवी होती. ती फळी उघडली होती की नव्हती? सांगायला कुणी उरलं नव्हतं.

२

हे काम त्याला दिलं होतं रैयाने. नाखवा सुवैलिमची बायको. लग्नाला दीड महिना झाला असताना नवरा समुद्रावर गेला, तेव्हा ती वीस वर्षांची होती. आता पंच्याऐंशीची. तिचा भाचा, ज्याला तिने मुलासारखा वाढवला, तिला कायमची मस्कतला घेऊन जाणार होता.

"गुरुवारी संध्याकाळी निघायचं ठरलंय, पोरा," ती सरहानला म्हणाली होती. ‘पोरा’ म्हणजे सत्तरीचा सरहान. "त्या आधी मला ‘सम्हा’ करून दे. तिथे बाराव्या मजल्यावर राहायचंय म्हणे. समुद्र दिसतो, पण वास येत नाही. मग मी बघू काय?"

"खाला, करतो. पण माझ्या बापाचं गलबत तुम्हाला घरात चालेल?"

"तुझ्या बापाचं? माझ्या नवऱ्याचं आहे ते. तुझ्या बापाने नुसतं बांधलं."

मसऊदच्या खाटेखाली एक सागवानी फळी पासष्ट वर्षं पडून होती, ‘सम्हा’तून उरलेली. सरहानने ती बाहेर काढली. नकाशा, आराखडा असलं काही त्याच्या घराण्यात नव्हतंच. डोळा, वीत आणि एक दोरा, बस. कणा झाला, बरगड्या झाल्या, फळ्या बसल्या, वर जवसाच्या तेलाचा हात फिरला. मग डोलकाठी, आणि डोलकाठीवर ती लांब तिरपी परबाण, जिला शीड बांधतात. परबाण त्याने डोलकाठीच्या उजव्या बाजूला घेतली आणि पाच गाठींनी आवळली.

एकच दोरी मोकळी ठेवली, नांगराची. हा मसऊदचा हट्ट होता. गलबतावरची शेवटची गाठ सुताराने बांधायची नाही, ज्याचं गलबत त्याने बांधायची. सरहान छोट्या गलबतांनाही तेच करायचा. "बांधा. बांधलीत की तुमचं," असं तो घेणाऱ्याला म्हणायचा. परदेशी पाहुण्यांना हे फार आवडायचं. दहातले नऊ जण गाठ चुकवायचे आणि तीच गाठ मिरवत घेऊन जायचे.

शुक्रवारी दुपारी काम संपवून तो झोपायला गेला. दीड तासाने परत आला, तर परबाण डोलकाठीच्या डाव्या बाजूला होती.

३

प्रथम त्याने मांजराला धरलं. मांजर शेजाऱ्यांचं, पण जेवायला यांच्याकडे. पाच गाठी सोडवून, परबाण डोलकाठीपुढून फिरवून, पलीकडे नेऊन पुन्हा पाच गाठी मारण्याइतकं मांजर हुशार असतं तर ते उंदीर पकडत असतं, हे त्याला लगेच पटलं. मग एसीच्या हादऱ्याचा विचार केला. मग जुवैनाचा.

"तू आत धूळ झटकायला गेली होतीस?"

"तुमच्या खोलीत? मागच्या वर्षी एक खिळा उचलला तर तीन दिवस फुगून बसला होतात."

"मग परबाण कुणी फिरवली?"

जुवैनाने हातातला भाताचा चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. तिच्या भावाला दोन वर्षांपूर्वी विसरायला व्हायला लागलं होतं. सुरुवात चष्म्यापासून झाली आणि शेवट बायकोच्या नावावर. "अबू सालिम," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "परवा डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? नुसतं दाखवायला?"

तो मऊ आवाज सरहानला झोंबला. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली होती आणि ती त्याच्याशी कधी मऊ बोलली नव्हती.

त्याने परबाण पुन्हा उजवीकडे आणली. आणताना त्याच्या लक्षात एक गोष्ट आली आणि हात थांबले. सरहान डावखुरा होता, बापासारखाच. त्याच्या गाठीचे वेढे उलटे पडत. सूरच्या गोदीत कुणीही त्याची गाठ बघून ‘ही मसऊदच्या घरची’ असं ओळखायचं. बापाने तर या डाव्या हातापायी जन्मभर बोलणी खाल्ली होती. पाहुण्यात बसला की कहव्याचा पेला विसरून डाव्या हातानेच घ्यायचा, आणि म्हातारेकोतारे तोंडावर ‘हात, मसऊद, हात!’ म्हणून ओरडायचे.

या पाच गाठींचे वेढे सुलटे होते. उजव्या हाताने बांधलेले. आणि सफाई अशी, की सरहानला क्षणभर मत्सरच वाटला.

४

"म्हणजे चोर घरात शिरला, काही न नेता तुझं गलबत दुरुस्त करून गेला," मतर म्हणाला. "माझ्या घरी पाठव त्याला. नळ गळतोय."

मतर म्हणजे सरहानचा जुना दोस्त, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, तरुणपणी खलाशी. रोज चारच्या नमाजानंतर खजूर आणि कहवा घ्यायला यायचा आणि दिवे लागायच्या आत जायचा, कारण अंधारात त्याला दिसत नसे आणि ते कबूल करायची त्याला लाज वाटे.

सरहानने त्याला मागच्या खोलीत नेलं. परबाण उजवीकडे होती.

"आहे की जागेवर!"

"सकाळी डावीकडे होती. मी हात लावलेला नाही. तीन दिवस झाले, मी हातच लावत नाही. ती आपली जाते आणि येते."

मतर हसायच्या बेतात होता. मग त्याने गलबताची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठे आहे ते पाहिलं, मग भिंतीकडे, मग बंद खिडकीकडे. तसाच उठून अंगणात गेला, बोट ओलं करून वर धरलं आणि परत आला.

"सकाळी वारा कुठला होता?" त्याने विचारलं.

"वाळवंटाकडला. गरम. अंगणात उभं राहवत नव्हतं."

"आणि दुपारनंतर समुद्राचा सुटला." मतर खाली बसला. "अरे, वाऱ्यापलीकडच्या बाजूला घेतायत ते परबाण. जशी घ्यायला हवी तशी. आम्ही वीस-वीस जण लागायचो एवढी काठी फिरवायला. हात सोलून निघायचे."

"‘घेतायत ते’ म्हणजे कोण?"

"मी तसं म्हणालो का?"

"म्हणालास."

मतरने तोंडात खजूर टाकला. बी काढायला विसरला आणि दाताखाली आल्यावर सूरच्या समस्त खजूरवाल्यांना शिव्या घातल्या. दोघं हसले.  सरहानला आतून हायसं वाटलं, कारण आता डॉक्टरकडे जायचं झालंच तर दोघांना जावं लागणार होतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपायला गेलाच नाही. कामाच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, दाराला आतून कडी घातली आणि एसी बंद केला, म्हणजे हादऱ्यांचा प्रश्न मिटला. परबाण डावीकडे होती. बाहेर वारा पडलेला. खोलीत इतकी शांतता, की त्याला स्वतःच्या दाढीचं शर्टावर घासणं ऐकू येत होतं.

आपण म्हातारे झालो आहोत आणि खुळचट झालो आहोत, असं त्याने स्वतःला बजावलं. दोरा हवेतल्या ओलाव्याने आखडतो. लाकूड फुगतं. पण दोरा आखडला तर परबाण वाकडी होईल, पलीकडे कशी जाईल? आणि गाठ?

बहुधा डोळा लागला. बहुधा नाहीही लागला, कारण शेजारच्या मशिदीतला पंखा त्याला सगळा वेळ ऐकू येत होता. त्याखालून दुसरं काहीतरी सुरू झालं. आधी वास आला. माशाच्या तेलाचा, जे पूर्वी गलबतांना बाहेरून चोपडायचे. त्या घरात ते तेल चाळीस वर्षांत आलं नव्हतं. मग लाकडाची कुरकुर. मग एका माणसाने एक ओळ उचलली आणि पुष्कळ जणांनी ती खाली टाकली, पुन्हा उचलली, पुन्हा खाली टाकली. दोर ओढताना म्हणतात तसं. सरहानला वाटलं होतं, छोट्या गलबतातून काही आलंच तर आवाज बारीक येईल. तो बारीक नव्हता. भरभक्कम आवाज होता, फक्त फार लांबून येत होता. आणि काल, आपण ऐकायला नव्हतो तेव्हा, तो आणखी लांब असावा, अशी त्याला उगाच खात्री वाटली.

त्याने डोळे उघडायचे ठरवले. ठरवायला बराच वेळ लागला.

परबाण उजवीकडे होती. तिचं टोक अजून थोडं हलत होतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू थांबलं. दाराबाहेर अंगणात पिंपळपानांसारखं पातळ काहीतरी सळसळलं, ती वाळत घातलेली जुवैनाची ओढणी होती. समुद्राचा वारा आत्ता सुटत होता. गलबतावर त्याची खबर आधीच पोचली होती.

कडी काढताना त्याने ती इतकी खडखडवली, की जुवैनाच बाहेरून ओरडली, "कोण आहे आत?"

"मी आहे," तो म्हणाला. "बहुतेक."

६

त्याच संध्याकाळी, मंगळवारी, त्याने टेबलावर गलबताच्या नाळेखाली शिसपेन्सिलीने एक रेघ मारली. बुधवारी सकाळी नाळ रेघेच्या चार बोटं डावीकडे होती. दुपारी आणखी चार.

"वळतंय," मतर म्हणाला. आता तो दिवसातून दोनदा यायला लागला होता, आणि खजूर स्वतःचे आणायचा. "आफ्रिकेकडून आलेलं गलबत रास अल-हद्दच्या भूशिराला वळसा घेऊन गावाकडे असंच वळतं. डावीकडे."

नाळ आता दाराकडे होऊ लागली होती. दारासमोर अंगण. अंगणापलीकडे मजलिस.

सरहान पुढे झाला. गलबताचा खालचा भाग गडद दिसत होता. बोट लावलं तर ओलं. सगळीकडे नाही, एका रेषेपर्यंतच. भरलेलं गलबत पाण्यात जिथवर बुडतं, अगदी तिथवर. बोट जिभेला लावलं. खारट.

 "मतर," तो म्हणाला, "कापूस आण. जुवैनाकडे असेल. आणि विणायची एक सुई."

"गलबताला इंजेक्शन देतोस काय?"

"आण रे बाबा."

मतरने आणलं. सरहानने सुईच्या टोकाला कापूस गुंडाळला, गलबताच्या पाटातनावरचं, म्हणजे डेकवरचं, छोटं झाकण नखाने उचललं आणि सुई आत सोडली. पार तळापर्यंत. कण्याला लागून असलेल्या त्या पहिल्या फळीच्या सांध्यावरून त्याने कापूस नाळेपासून मागपर्यंत फिरवला, एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने. हे करताना त्याला आठवलं, पाच वर्षांचा असताना तो खऱ्या ‘सम्हा’च्या याच फळीखाली वाळूत बसायचा आणि वरून बाप सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा. डाव्या हातात मोगरी. त्याच हाताच्या अंगठ्याचं टोक तासणीने आधीच नेलेलं.

त्याने सुई बाहेर काढली. कापूस पांढरा होता. कोरडा. त्यावर थोडा भुसा, बस.

"कोरडं आहे," तो म्हणाला. मग मोठ्यांदा, "मतर, आतून कोरडं आहे! बघ! बाहेर समुद्र आहे आणि आत थेंब नाही! फळी उघडली नव्हती. माझ्या बापाची फळी उघडली नव्हती रे!"

आणि सत्तर वर्षांचा तो माणूस कापूस हातात धरून ढसाढसा रडला. मतरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यालाही आठवत होतं की मसऊद आत आला की आपणही बोलायचे थांबलो होतो. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, पण थांबला होता.

"रडणं झालं की एक सांग," थोड्या वेळाने मतर म्हणाला. "बुडालं नाही, तर मग इतकी वर्षं ते होतं कुठे?"

सरहानने डोळे पुसले. "ते मी विचारत नाही. तूही विचारू नकोस."

"मी कशाला विचारू? मी घरी चाललो. उजेड आहे तोवर."

७

गुरुवारी साडेचारला रैया आली. भाचा गाडीत बसून राहिला. त्याला मस्कतचा रस्ता संध्याकाळच्या आत कापायचा होता, त्यामुळे दर दोन मिनिटांनी तो हॉर्न वाजवत होता.

"वाजवू दे," रैया म्हणाली. "लहानपणी त्याला भोंगा घेऊन दिला नव्हता, त्याचा सूड आहे तो." तिने काठी जुवैनाच्या हातात दिली, तिचे दोन्ही गाल मुके घेऊन ओले केले, आणि मागच्या खोलीत शिरली. सरहान आणि मतर मागोमाग. जुवैना कहव्याचं बघायला स्वयंपाकघरात गेली.

गलबताची नाळ आता थेट दाराकडे होती. परबाण खाली उतरलेली. शीड गुंडाळून नीट बांधलेलं. सकाळपर्यंत ते उभारलेलं होतं.

सरहान तोंड उघडणार तेवढ्यात रैयाच बोलली. "तुझ्या बापाने तुला एक गोष्ट सांगितली होती का? ‘सम्हा’ निघाली त्या दिवशीची?"

"तो त्या विषयावर बोलायचा नाही, खाला."

"मी बघत होते. सगळी गाठोडी चढली, माणसं चढली. आणि तुझा बाप नांगराच्या दोरीचं टोक धरून पाण्यात छातीइतका उभा. ‘नाखवा, शेवटची गाठ तुझी आहे, बांध!’ हा वरून माझ्याकडे बघून हसतोय. नवीन लग्न, गंमत चाललेली त्याची. म्हणाला, ‘मसऊद, घाई काय? आल्यावर बांधतो!’ तुझा बाप ओरडत राहिला. मग दोरी सोडली त्याने. लोकांना वाटायचं तो फळीमुळे झुरला. तो त्या गाठीमुळे झुरला. ‘मी त्याला जाऊ द्यायला नको होतं,’ असं मला येऊन म्हणाला होता एकदा. मी म्हटलं, मीही जाऊ द्यायला नको होतं. दोघं रडलो आणि चहा प्यायलो."

सरहानला हे ठाऊक नव्हतं. त्याने गलबताकडे बोट केलं. "खाला, मी ती दोरी मोकळी ठेवलीय. तुम्ही बांधा. बांधलीत की तुमचं."

रैया वाकली. तिला दूरचं दिसत नसे, पण जवळचं सुईच्या नेढ्यापर्यंत दिसे. ती बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"काय बांधू?" ती म्हणाली. "बांधलेलीच आहे."

सरहान पुढे झाला. नांगराच्या दोरीचं टोक डोलकाठीच्या पुढच्या खुंटीला बांधलेलं होतं. सुलटे वेढे. गाठ ओली होती. आणि नेहमीच्या तीन वेढ्यांवर आणखी एक, चौथा, उगाचच.

रैयाने त्या चौथ्या वेढ्यावर बोट ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर सगळ्या सुरकुत्या एकदम वर गेल्या. "हा जादाचा वेढा बघितलास? बकरी बांधतानासुद्धा घालायचा. मी म्हणायचे, बकरी आहे ती, पळून आफ्रिकेला नाही जाणार." ती हसायला लागली, आणि हसताना तिचे डोळे वाहत होते. "आला मेला. पासष्ट वर्षं लावली, पण आला."

मतर हळूच दाराकडे सरकला होता. तिथेच तो थांबला. बाहेर गल्लीत भाच्याचा हॉर्न वाजत होता, आणि मध्येच तो वाजायचा बंद झाला.

अंगणापलीकडच्या मजलिसमधून माणसांचा आवाज येत होता. पुष्कळ माणसं बसताना येतो तसा. खाकरणं, तक्क्या सरकवणं, कुणीतरी कुणाला ‘सरक’ म्हणणं.

स्वयंपाकघरातून जुवैना ओरडली, "अबू सालिम! मजलिसमध्ये कोण आलंय एवढं? आधी सांगायची पद्धत आहे की नाही? कहवा किती जणांचा टाकू?"

 मतरने भिंत धरली होती.

रैयाने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "पस्तीस जणांचा टाक ग," ती म्हणाली. "आणि वेलची जास्त घाल. लांबून आलेत."

८

घराबाहेर पडायचा रस्ता मजलिसवरून जात होता, म्हणून मतर स्वयंपाकघरात जुवैनाजवळ वेलची सोलत बसला. जन्मात त्याने एवढी वेलची सोलली नव्हती. जुवैना आपली खुशीत होती. इतके पाहुणे सालिमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आले होते.

यजमानाने स्वतः कहवा ओतायचा असतो. सरहानने किटली डाव्या हातात घेतली आणि पेला उजव्या. डावखुऱ्या माणसाला अख्ख्या ओमानात सोयीचं असं हे एकच काम.  मजलिसच्या दाराला जाड पडदा होता, आणि पडद्याखालून पाण्याची एक बारीक धार अंगणात येत होती.

"पडदा सारू नकोस," रैया त्याच्या मागून हळूच म्हणाली. "कपड्यांची काय दशा असेल त्यांच्या. लाजतील."

सरहानने पेला भरला आणि पडद्याच्या फटीशी धरला. आतलं बोलणं थांबलं.

 हीच ती शांतता. त्याच्या बापाने शेवटी जिच्यापायी घराबाहेर पडणं सोडलं ती. मग फटीतून एक हात आला. मनगटापर्यंतच. कातडी पांढरी पडलेली, सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी. उजवा हात. पेला घेतला. थोड्या वेळाने तो रिकामा परत आला, आणि परत देताना हलवला, म्हणजे आता पुरे. आत पुन्हा बोलणं सुरू झालं, हसणंसुद्धा.

दुसरा हात आला. तिसरा. सरहान ओतत राहिला. बोटं त्याच्या बोटांना लागत होती, गार, पण सभ्य. रैया मनात मोजत होती, तिचे ओठ हलत होते. पस्तिसावा हात आला तेव्हा तिने पुढे होऊन त्याच्या मनगटावर एक हलकी चापट मारली. हात दचकला. पेला घेऊन आत जाण्याआधी क्षणभर तिच्या हातावर टेकला.

"झाले," रैया म्हणाली. तिचा आवाज तरुण लागत होता. "पस्तीस. चल, किटली ठेव."

सरहानने पेला पुसायला घेतला. तेवढ्यात पडदा हलला आणि आणखी एक हात बाहेर आला.

तो कोरडा होता. म्हातारा होता. आणि डावा होता.

"हात!" रैया सवयीने म्हणाली, "डाव्या हाताने घेतात का रे कुणी..." आणि तिथेच थांबली.

त्या हाताच्या अंगठ्याला टोक नव्हतं.

आत सगळे बोलत होते. कुणीही थांबलं नव्हतं. कुणीतरी काहीतरी विनोद केला आणि पडद्याच्या अगदी जवळून, त्या हाताच्या बाजूनेच, एक जण घोगरं हसला. ते हसणं सरहानने पाच वर्षांचा असताना ऐकलं होतं, फळीखाली वाळूत बसून, आणि त्यानंतर कधीच नाही.

त्याने पेला काठोकाठ भरून त्या हातात दिला. थोड्या वेळाने पेला रिकामा परत आला. हलवलेला नव्हता. सरहानने तो पुन्हा भरला.